एंगकुसच्या वहीतल्या दोन ओळी

एंगकुस सुतिस्नाबद्दल कुणीही वाईट बोलत नाही, आणि मला ते कधीच सहन झालं नाही. माणूस म्हटला की चार जणांनी पाठीमागे चार शब्द बोलावेत, म्हणजे तो आपल्यातला वाटतो. पण बांडुंगमध्ये गिटार हातात धरलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, कांग एंगकुस ना, फार भला माणूस. कांग म्हणजे आमच्याकडे दादा. मी त्याच्याबरोबर सहा वर्षं काम केलं आहे. तो भला आहे हे मलाही मान्य आहे, आणि माझं दुखणं तेच आहे.

सुची रस्त्यामागच्या गल्लीत त्याचा टी-शर्ट छापायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा लाकडी चौकटी, रंगाचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले शर्ट. आजोबा शिंपी, बाप शिंपी. हा कापड कापायचं सोडून कापडावर छापायला लागला. वाद्य एकही येत नाही. गाणं तर त्याहून येत नाही. त्याची बायको, तेते एंतिन, म्हणजे एंतिनताई, सांगते की लग्नानंतर तो एकदाच न्हाणीत गायला, तेव्हा शेजारीण धावत आली आणि विचारू लागली, काय दुखतंय. आणि अशा माणसाने आपल्याबद्दल चार बऱ्या ओळी लिहाव्यात म्हणून आम्ही वाजवणारे सगळे जीव टाकायचो.

बँडबद्दल लिहायचं हे खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगतो. नव्याण्णव साली एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला, तिथून त्याने एका बँडची कॅसेट विकत घेतली. घरी नेली आणि ती इतकी वाजवली की फीत झिजली. दुसरी घ्यावी म्हणून कव्हर उलटसुलट करून पाहिलं, तर बँडचं नाव तेवढं होतं. ना पत्ता, ना फोन, ना कुणा माणसाचं नाव. दोन वर्षं तो विचारत फिरला. शेवटी गाणारा सापडला, तो त्याच्याच कारखान्याच्या मागे, दोन गल्ल्या सोडून, टायरचं पंक्चर काढत होता. बँड मोडून दीड वर्ष झालं होतं. एंगकुसने विचारलं, का मोडलात? तो म्हणाला, कुणी ऐकतच नव्हतं, कांग.

एंगकुस म्हणतो की त्या दुकानात तो पालथ्या बादलीवर बराच वेळ बसून होता. मग घरी येऊन त्याने एक शाळेची वही घेतली, रेघा मारल्या आणि शहरातल्या प्रत्येक बँडचा पत्ता लिहायला सुरुवात केली. कोण आहेत, कुठे राहतात, गाणी कुठे मिळतील, कुणाला फोन करायचा. वहीचं नाव ठेवलं आलामत. आमच्या भाषेत आलामत म्हणजे पत्ता.

ती वही घेऊन तो दोन हजार तीन साली माझ्याकडे आला. मी चिकाडासमध्ये झेरॉक्सच्या दुकानात होतो, अजून आहे. त्याला वहीच्या शंभर प्रती काढून वाटायच्या होत्या. मी म्हटलं, कांग, कागद कशाला नासवता, इंटरनेटवर टाका, म्हणजे समुद्रापलीकडे मेदान शहरातला माणूसही वाचेल. दुकानात कॉम्प्युटर होता, लाइन होती, संध्याकाळी गिऱ्हाईक नसायचं. ही कल्पना माझी होती. आलामतवर आजवर तीन वर्तमानपत्रांत लेख आले, एकाही लेखात हे नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

कामाची रीत ठरलेली होती. रविवारी दुपारी कुठे ना कुठे कार्यक्रम असायचाच. एंगकुस रंगाने माखलेल्या एप्रनसकट यायचा आणि डाव्या बाजूच्या स्पीकरशेजारी उभा राहायचा. टाळ्या वाजवायचा नाही, मान हलवायचा नाही. पेन्सिलीने वहीत टिपायचा. कुठलाही बँड तीनदा समोर उभं राहून ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दल ओळ लिहायची नाही, हा नियम. बँडवाले स्वतःच स्वतःची तारीफ लिहून आणायचे, आम्ही म्हणजे आवाजाचं वादळ, आम्ही म्हणजे पिढीची किंकाळी. तो ते कागद दोन्ही हातांनी, अदबीने घ्यायचा आणि कारखान्यात नेऊन त्याच कागदांनी चौकटीवरचा रंग पुसायचा.

मग शुक्रवारी, नमाज झाली की तो माझ्या दुकानात. एका हातात वही, दुसऱ्या हातात कागदात बांधलेली गरम बाला-बाला, म्हणजे कोबीगाजराची भजी. तो वाचून दाखवायचा, मी टाइप करायचो. त्याच्या शब्दातलं एक अक्षर मी बदलायचं नाही, असं आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात यायचं, टाइप: नंदांग. आलेल्या ई-मेल मी छापून ठेवायचो आणि त्या तो घरी नेऊन एंतिनला वाचून दाखवायचा.

लिहायचा मात्र असा, की वाचणाऱ्याने उठून बस पकडावी. एका बँडबद्दल लिहिलं होतं, 'ड्रम वाजवणारा डावखुरा आहे, म्हणून ठोका आपण धरतो त्याच्या जरा अलीकडे पडतो. आधी चुकल्यासारखं वाटेल. थांबा.' एवढंच. पण ते वाचून मकास्सारची एक नर्स त्या बँडच्या सीडी मागवायला लागली आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकवायला लागली. प्रत्येक पानाच्या तळाशी तो 'इथून पुढे' असं लिहून आणखी दोन बँडची नावं द्यायचा. हे आवडलं असेल तर आता त्यांच्या दारी जा, असा त्याचा अर्थ. लोक एका दारातून दुसऱ्या दारात असे फिरत राहायचे. आमच्या गल्लीतली माणसं ज्यांना हाकलून द्यायची, त्यांना पालेम्बांग आणि क्वालालंपूरहून पत्रं यायला लागली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्याइतकं कुणाला पटणार नाही.

आता माझ्या बँडचं सांगतो. पायुंग बोलोंग, भोक पडलेली छत्री. मी गायचो आणि गिटार वाजवायचो, गाणी माझी. एंगकुसने आम्हाला तीनदा नाही, सोळा वेळा ऐकलं. सोळा वेळा डाव्या स्पीकरशेजारी उभा राहिला. आणि एका शुक्रवारी त्याने वही उघडून मला आमची नोंद वाचून दाखवली, ती अशी: 'चिकाडासचे चौघे. वेळेवर येतात आणि स्वतःच्या वायरी घेऊन येतात.'

मी पुढच्या ओळीची वाट बघत बसलो. त्याने पान उलटलं. मी टाइप केलं, काय करणार? ठरलं होतं ना, अक्षर बदलायचं नाही. त्या रात्री माझ्या आईने विचारलं, काय लिहिलंय रे तुमच्याबद्दल, तर मी सांगितलं, अजून लिहितोय.

अशी तीन वर्षं गेली. दरवर्षी मी नवी गाणी केली, आणि दरवर्षी ती नोंद जशीच्या तशी राहिली. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं, आणि मागून मिळालेल्या कौतुकाला काय चव?

मग चिमाहीहून युयुन आली. बालवाडीत शिकवायची, चोवीस वर्षांची, बोलताना आवाज इतका बारीक की दुसऱ्यांदा विचारावं लागे. तिच्या बँडचं नाव लाम्पू तेरास, ओसरीवरचा दिवा. तिघंच जण. पहिल्या रविवारी ती गायली तेव्हा मी पुढच्या रांगेत होतो, आणि दुसऱ्या गाण्याला मला कळलं की ही माझ्याहून चांगली आहे. थोडी नाही, पुष्कळ. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते महिनाभर थांबलं नाही. मी एंगकुसकडे बघितलं. त्याची पेन्सिल खाली पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

तीन रविवार झाले. शुक्रवारी तो आला, वही उघडली आणि वाचायला लागला. मी टाइप करत गेलो. एक ओळ, दोन, तीन. चौथ्या ओळीत होतं, 'वरच्या सुराला जाताना ही मुलगी डोळे मिटत नाही, समोर बघते. आपण काही चोरून नेताना सापडलो आहोत असं वाटतं.' सातव्या ओळीला माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा ओळी भरल्या. अकरा. माझ्या हातांनी, माझ्या दोन बोटांनी, तिचं कौतुक मी टाइप केलं, आणि वर एंगकुस विचारतो, नंदांग, भजी थंड होतायत, खात का नाहीस?

पुढे जे व्हायचं तेच झालं. सुराबायाहून पत्रं, सिंगापूरहून पत्रं, गारुतचा एक शाळामास्तर दर महिन्याला बसने यायला लागला. मी ते सगळे कागद छापायचो. एकदा एका पत्रात लिहिलं होतं, लाम्पू तेरासच्या पानावर 'इथून पुढे'मध्ये पायुंग बोलोंगचं नाव होतं म्हणून तुमचीही सीडी मागवतो. तिच्या दारातून माझ्या दारात आलेला माणूस. मी ती सीडी पाठवली, पण सोबत दोन ओळी लिहायची माझी पद्धत होती, त्या दिवशी लिहिल्या नाहीत.

दोन हजार नऊच्या जानेवारीत, आमच्याकडच्या पावसाळ्यात, युयुनच्या ड्रमवाल्याला, ओहानला, विषमज्वर झाला. दोन महिने त्यांनी कुठे वाजवलं नाही. आता आमच्याकडे एक शब्द आहे, वाकुम. आमच्याकडे बँड मोडत नाही, वाकुम होतो. मोडला म्हणायची लाज वाटते, म्हणून सगळे म्हणतात, सध्या वाकुम आहोत, आणि पुढे त्यांना कुणी विचारत नाही. आलामतवर प्रत्येक बँडपुढे तसा रकाना होता: सुरू, वाकुम, संपला. वाकुम लिहिलं की ते पान आपोआप मागच्या यादीत जायचं, जिथे कुणी फिरकत नाही.

एका शुक्रवारी एंगकुस गेल्यावर मी लाम्पू तेरासचं पान उघडलं आणि 'सुरू' पुसून 'वाकुम' लिहिलं. चार सेकंदांचं काम. मनाशी म्हटलं, खोटं कुठे आहे? दोन महिने वाजवलेलं नाही. ओहान बरा झाला, ते पुन्हा वाजवायला लागले, तरी मी ते तसंच ठेवलं. एंगकुस स्वतः कधी कॉम्प्युटर उघडायचा नाही. त्याचा वहीवर विश्वास होता, आणि माझ्यावर.

गंमत अशी, की त्यानंतर माझ्या सीडीची मागणीही आटली. पुढे लक्षात आलं, माझ्याकडे येणारे निम्मे लोक तिच्याच पानावरून यायचे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. पण तेव्हा मला तेही तिचंच काहीतरी कारस्थान वाटलं.

सप्टेंबरात पिनांगहून ई-मेल आली. रोसली नावाचे कुणी गृहस्थ. ते दरवर्षी दोन दिवसांचा कार्यक्रम करायचे आणि आसपासच्या देशांतून पाच छोटे बँड बोलवायचे, येण्याजाण्याचं सगळं त्यांच्याकडे. त्यांची मलय भाषा आम्हाला आजोबांच्या बोलण्यासारखी लागते, म्हणून मी ती हसत वाचायला लागलो. त्यांनी लिहिलं होतं: तुमच्या आलामतवरच्या त्या अकरा ओळी वाचून लाम्पू तेरासला बोलवायचं मनात होतं, पण ते वाकुम आहेत असं दिसतं, फार वाईट वाटलं. त्यांच्या जातकुळीतलं दुसरं कुणी सुचवाल का?

मी उत्तर लिहायला घेतलं. एंगकुसच्या नावाने. 'पायुंग बोलोंग', एवढं लिहिलं आणि थांबलो. पुढे काय लिहू? वेळेवर येतात? मी ते पुसून टाकलं. पण ती ई-मेल छापलीही नाही. शुक्रवारी एंगकुसला बाकीचे कागद दिले, तो नेहमीसारखा म्हणाला, आज पत्रं थोडीच आहेत, आणि मी म्हटलं, हो.

रोसली चिवट निघाले. उत्तर येईना म्हणून त्यांनी कारखान्यात फोन केला. एंगकुस मंगळवारी माझ्या दुकानात आला. मंगळवारी तो कधीच येत नसे, म्हणून तो दारात दिसला तेव्हाच मला कळलं. हातात वही नव्हती, भजीही नव्हती.

"लाम्पू तेरासचं पान काढ," तो म्हणाला.

मी काढलं. त्याने चष्मा लावून वाचलं. मग मला विचारलं, "हे मी सांगितलं होतं का, नंदांग?"

"नाही, कांग."

"मग?"

बोट चुकलं म्हणालो असतो तर त्याने मानलं असतं. पुढे विचारलंही नसतं. आणि तेच मला नको झालं. इतका भला माणूस समोर बसला की आपल्याला आणखी वाईट व्हावंसं वाटतं.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "मुद्दाम. तिला अकरा ओळी, कांग. काल आलेल्या पोरीला अकरा. सहा वर्षं मी तुमची वही टाइप करतोय, आणि मला दोन. वेळेवर येतात म्हणे. आम्ही बँड आहोत का पोस्टमन?"

एक बाई आपल्या मुलाच्या दाखल्याच्या प्रती काढायला आली. मी त्या काढून दिल्या. ती गेल्यावर तो म्हणाला, "तुला वाटलं, मला तुझी गाणी आवडत नाहीत?"

"दुसरं काय वाटायचं?"

"घरच्या माणसाचं कौतुक चारचौघांत करू नये. पमाली असतं ते, अशुभ. आईने उंबऱ्यात बसू नये हे जसं शिकवलं, तसं हे पण, थोबाडीत मारून. माझ्या भावाच्या बँडला एक ओळ आहे. तूच टाइप केलीस."

केली होती. 'सोरेआंगचे पाच जण, त्यांतला एक माझा भाऊ.' तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय निःपक्षपाती माणूस आहे. तो बँड वाईट होता, म्हणून मला दुसरी काही शंकाही आली नव्हती.

"तुला दोन दिल्या," एंगकुस म्हणाला, "तेव्हा एंतिन मला म्हणाली, पुरे करा, लोक हसतील."

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडून मोकळा झालो असतो. त्याने नुसतं सांगितलं, घे, दुरुस्ती टाइप कर. मी बसलो. त्याने वहीशिवाय, तोंडी सांगितलं: 'लाम्पू तेरास वाजवत आहे. मध्यंतरी इथे वाकुम लिहिलं होतं, ते खोटं होतं. चूक आलामतची.'

मी म्हटलं, कांग, माझं नाव घालतो. तो म्हणाला, "वाचणाऱ्याला तुझ्याशी काय करायचंय? त्याने भरवसा पत्त्यावर ठेवला होता." मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, पासवर्ड लिहून दे. मी लिहून दिला. त्याने तो घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला, पुन्तेन म्हणून, म्हणजे येतो हं अशा अर्थाने, जरा वाकला आणि गेला. आमच्याकडे परक्या दुकानातून निघताना असं वाकतात. सहा वर्षांत तो माझ्यासमोर कधी वाकला नव्हता, पण त्या क्षणी माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

रोसलींना दुरुस्ती कळवली, पण तोवर त्यांचे पाच बँड ठरले होते. त्यांनी लिहिलं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या रविवारी युयुन माझ्याकडे आली. मी सभागृहाच्या मागे वायरी गुंडाळत होतो. ती हातात चहाचा पेला घेऊन उभी राहिली.

"कांग नंदांग, आम्ही वाकुम झालो हे आम्हाला तरी सांगायचंत," ती म्हणाली. "उगीच तालमी करत बसलो."

ती म्हणाली, ओहानला कोरियात कारखान्यात काम मिळालंय, डिसेंबरात जाणार, तीन वर्षं. म्हणून यंदाच जायचं होतं, तिघांनी मिळून. पुढच्या वर्षीचं काय कौतुक? मी म्हटलं, माफ कर, नेंग, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. ती म्हणाली, "माफ केलं. पण विसरायला मला वेळ लागेल, ते सांगून ठेवते." एवढं बोलून ती आत गेली, आणि पंधरा मिनिटांनी गायला उभी राहिली. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. तेव्हाही मला हेवा वाटला. लाज आणि हेवा एकाच वेळी वाटू शकतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

शुक्रवार येत गेले. नमाज झाली की मी सवयीने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची पुसून ठेवायचो, मग स्वतःच तिच्यावर बसायचो. आलामतवर नव्या नोंदी येत होत्या, म्हणजे कुणीतरी टाइप करत होतं. कोण, ते मी बघितलं नाही. पान उघडायची हिंमत होत नव्हती म्हणा ना.

दीड महिन्याने जातिनांगोरच्या कॉलेजात शिकणारा एक जण दुकानात आला. त्याला प्रती काढायच्या नव्हत्या. म्हणाला, पायुंग बोलोंगचे नंदांग तुम्हीच का? आलामतवर वाचलं तुमच्याबद्दल, म्हणून शोधत आलो. मी हसलो. म्हटलं, काय वाचलंस, वेळेवर येतात? तो गोंधळला. म्हणाला, नाही, ते त्यात कुठे आहे?

तो सीडी घेऊन गेल्यावर मी पान उघडलं. नऊ ओळी होत्या.

मी त्या आता पाठ म्हणून दाखवू शकतो, पण सगळ्या सांगत नाही. मधल्या दोन सांगतो. 'पहिल्या कडव्यात हा माणूस कुणावर तरी चिडलेला असतो आणि दुसऱ्या कडव्यात तो कुणीतरी आपणच आहोत हे त्याच्या लक्षात येतं. त्यानंतर तो गिटार इतकी हळू वाजवतो की पुढे सरकून ऐकावं लागतं.' सोळा वेळा उभं राहून ऐकल्याशिवाय हे कुणाला कळणार नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला सगळं कळत होतं. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, आईला फोन लावला आणि तिला नऊच्या नऊ ओळी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, बघ, संपवलं शेवटी त्यांनी लिहून. किती वर्षं लागली.

फोन ठेवला आणि पान खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात होतं, टाइप: युयुन.

मग तिचं पान उघडलं. 'सुरू' होतं, ते बरोबर होतं. चिमाहीचा पत्ता होता. अकरा ओळी नव्हत्या. डोळे न मिटणारी मुलगी नव्हती, चोरून नेताना सापडणं नव्हतं. तिथे आता एवढंच होतं: 'चिमाहीचे तिघे. जाताना खुर्च्या जागच्या जागी लावून जातात.'

शुक्रवारची दुपार होती. सुचीच्या गल्लीत या वेळी तो वही उघडून वाचत असेल, ती टाइप करत असेल आणि भजी थंड होत असतील. माझ्या नऊ ओळी मागच्याच पानावर होत्या, त्या मी पुन्हा उघडल्या नाहीत. मी तिच्या त्या दोन ओळी वाचत राहिलो. एवढा जळफळाट मला तिच्या अकरा ओळी टाइप करतानाही झाला नव्हता.